सीसीटीव्हीचा मेंदू कोठे असावा?

मुंबई, प्रतिनिधी

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत पाणी, पार्किंग आणि पुनर्विकास या विषयांच्या जोडीला आता सीसीटीव्हीचा विषय आला आहे. काही वर्षांपूर्वी बसविलेले कॅमेरे धूसर झाले, रेकॉर्डर बंद पडू लागले आणि ते बदलण्यासाठी मागविलेल्या दरपत्रकांत ‘एआय कॅमेरा’ हे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. ठरावीक सुरक्षा चाचण्यांत उत्तीर्ण झालेलेच कॅमेरे देशात विकता येतील, हा केंद्र सरकारचा नियम एप्रिल २०२५ पासून अमलात आल्याने बाजारातील मालही बदलला आहे. रुग्णालये, महाविद्यालये, मॉल आणि रेल्वे स्थानके यांनाही आज ना उद्या हाच निर्णय घ्यावा लागणार आहे. चर्चा बहुधा दरावरच अडते. मात्र मूळ प्रश्न वेगळाच आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राचा अर्थ लावण्याचे काम कोठे व्हावे. कॅमेऱ्याच्या आतच, की इमारतीतल्या एखाद्या खोलीत ठेवलेल्या सर्व्हरवर?

पहिल्या पद्धतीला तंत्रज्ञ ‘एज’ म्हणतात, दुसरीला ‘ऑन-प्रिमायसेस’. एज म्हणजे काठ. जाळ्याच्या अगदी काठावर, जेथे चित्र जन्माला येते तेथेच एक छोटी चिप बसविलेली असते. दृश्यात माणूस आहे की कुत्रा, गाडीचा क्रमांक कोणता, फाटकातून किती जण आत गेले, हे ती जागच्या जागी ठरविते आणि केवळ निष्कर्ष पुढे पाठविते. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा निव्वळ डोळ्याचे काम करतो. सर्व चित्रण केबलवरून आवारातील सर्व्हरकडे जाते, तेथे साठविले जाते आणि तेथेच तपासले जाते. चित्रण परक्या कंपनीच्या दूरवरच्या संगणकावर, म्हणजे ‘क्लाउड’वर पाठविण्याचा तिसरा मार्गही आहे, पण महिन्याकाठी मोजावे लागणारे शुल्क आणि खासगीपणाची धास्ती यांमुळे मोठ्या संस्था तूर्त पहिल्या दोहोंतच निवड करताना दिसतात.

हा प्रश्न मुंबईत उभा राहिला तो सोसायट्यांमुळे नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने शहरभर कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याची शिफारस केली. त्यानंतरची काही वर्षे निविदा काढण्यात आणि त्या फसण्यात गेली. अखेर २०१५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीला सुमारे ९४९ कोटी रुपयांचे कंत्राट मिळाले आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी १,५१० ठिकाणच्या ४,६९७ कॅमेऱ्यांचे लोकार्पण झाले. चित्रण एका जागी आणावयाचे आणि नियंत्रण कक्षात बसून पाहावयाचे, अशी ती मध्यवर्ती रचना होती.

या रचनेचा भार किती, याचा हिशेब कोणालाही घरबसल्या मांडता येईल. चांगल्या प्रतीचे चित्रण देणारा एक कॅमेरा सेकंदाला साधारण ४ मेगाबिट माहिती पाठवितो असे धरले, तर एका दिवसात ती ४३ गिगाबाइटच्या घरात जाते. ४,६९७ कॅमेऱ्यांची मिळून रोजची २०० टेराबाइटहून अधिक आणि महिन्याची सुमारे ६,००० टेराबाइट. हे सर्व वाहून नेण्यासाठी शहराच्या पोटातून प्रकाशतंतूंचे जाळे हवे, साठविण्यासाठी यंत्रे हवीत आणि ती थंड ठेवण्यासाठी चोवीस तास वीज हवी. एवढे करून ते पाहणार कोण? नियंत्रण कक्षात माणसे कितीही बसविली तरी हजारो पडदे एकाच वेळी डोळ्यांखालून जाणे अशक्य. त्यामुळे यंत्रानेच पाहावे आणि काही विपरीत घडले तरच माणसाला हाक मारावी, ही कल्पना पुढे आली. मग प्रत्येक चित्र केंद्रापर्यंत ओढत आणण्याची गरज तरी काय, असाही प्रश्न ओघाने आलाच.

सिग्नल तोडणाऱ्या गाडीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गाडीचा क्रमांक म्हणजे दहाएक अक्षरे. ती कॅमेऱ्याजवळच वाचली गेली, सोबत एक-दोन छायाचित्रे आणि वेळ जोडली, की ई-चलनासाठी लागणारा ऐवज तयार होतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून दिवसभर धावणाऱ्या बाकीच्या गाड्यांचे अखंड चित्रण त्यासाठी कोठेही पाठविण्याचे कारण नाही. काम नेमके असेल, आधीच ठरलेले असेल आणि निर्णय क्षणात हवा असेल, तर एजला तोड नाही.

गर्दीचेही तसेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. पुलावर दर चौरस मीटरला किती माणसे उभी आहेत, हे सांगणारी यंत्रणा आज अवघड राहिलेली नाही. मध्य रेल्वे आणि ८ जून २०१४ पासून धावणारी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जेथे एकमेकींना मिळतात, त्या घाटकोपरच्या पुलांवर संध्याकाळी सहानंतर उभे राहिलेल्या कोणालाही तिची गरज समजावून सांगावी लागणार नाही. येथे चेहरे नकोत, नावे नकोत; हवा आहे तो केवळ आकडा, आणि तोही तत्काळ. कॅमेऱ्यानेच मोजावे, आकडा स्थानकप्रमुखाच्या पडद्यावर टाकावा आणि प्रवाशांचे चेहरे कॅमेऱ्याबाहेर जाऊच देऊ नयेत. खासगीपणाच्या दृष्टीनेही एजची ही जमेची बाजू ठरते. दरपत्रकात ती क्वचितच सांगितली जाते.

प्रश्न आधी की नंतर?

मात्र येथूनच अडचण सुरू होते. कॅमेऱ्यातील चिप तिला आधी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘फाटकातून माणूस आला का’ हे सांगण्याचे काम तिला दिले असेल, तर ती तेवढेच सांगेल. आठ दिवसांपूर्वी दुपारी एक निळी रिक्षाटेम्पो फाटकासमोर दहा मिनिटे उभी होती का, हे नंतर विचारले आणि दरम्यान मूळ चित्रण जपलेले नसेल, तर उत्तर मिळणार नाही. खर्च वाचविण्यासाठी ‘घटना घडली तरच रेकॉर्डिंग’ अशी मांडणी सर्रास केली जाते. घटना कशाला म्हणावयाचे हे त्या मांडणीत कॅमेराच ठरवितो, हे सभेत हात वर करणाऱ्या सभासदांच्या सहसा लक्षात येत नाही.

गुन्ह्याच्या तपासात तर प्रश्न नेहमी नंतरच येतात. अभिनेता सैफ अली खान याच्यावर वांद्रे येथील घरात १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे हल्ला झाला. इमारतीच्या जिन्यावरील कॅमेऱ्यात संशयिताची छबी मिळाली आणि त्यानंतर पोलिसांनी ठिकठिकाणचे चित्रण तपासत माग काढला. १९ जानेवारीस ठाण्यात एकास अटक झाली. अटक झालेली व्यक्ती आणि जिन्यावरील छबी एकच आहेत काय, यावरून पुढे जाहीर वाद रंगला. त्याचा निवाडा न्यायालयात व्हावयाचा आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, रस्त्यावरून जाणारा तो माणूस ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांच्या लेखी त्या क्षणी इतरांसारखाच एक पादचारी होता. ‘घटना’ नव्हती. असे चित्रण जपलेले असेल तरच तपासाला त्याचा उपयोग होतो.

याचे सर्वांत साधे उदाहरण बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सापडते. बिबट्यांच्या गणनेसाठी तेथे लावले जाणारे ‘कॅमेरा ट्रॅप’ हे एक प्रकारे एजचे जुने रूपच होय. जंगलात वीज नाही, केबल नाही. उष्ण शरीराची हालचाल जाणवली की कॅमेरा स्वतःच ठरवून छायाचित्र घेतो आणि आतल्या कार्डावर ठेवतो. तो बिबट्या कोणता, हे ठरविण्याचा प्रयत्न कॅमेरा करीत नाही. अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येक बिबट्याची वेगळी असते; ती छायाचित्रे नंतर शांतपणे जुळवून अभ्यासक संख्या काढतात. २०१५ च्या गणनेत या रीतीने ३५ बिबटे मोजले गेले. कॅमेऱ्याने ‘बिबट्या दिसला’ एवढीच नोंद ठेवून छायाचित्र पुसून टाकले असते, तर एकच बिबट्या दहा वेळा मोजला गेला असता आणि चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

न्यायालय काय मागते?

मूळ चित्रणाचे महत्त्व न्यायालयांनी अधिकच ठळक केले आहे, आणि त्यातील सर्वांत गाजलेले प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत टळल्यानंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचा. चित्रण अस्सल असल्याचे, कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची साक्ष पुरेशी मानून नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले. पण त्याचबरोबर मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणलेले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा स्पष्ट दंडक घालून दिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने ही अट कायम ठेवून अधिक काटेकोर केली. कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक भाग चित्रण सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. चित्रण कोठून घेतले, यासाठी डीव्हीआर, मोबाइल, सर्व्हर, क्लाउड असे पर्याय त्यात छापलेले आहेत. यंत्राचा अनुक्रमांक लिहावा लागतो आणि चित्रणाचे ‘हॅश’, म्हणजे एक अक्षर बदलले तरी बदलणारी संगणकीय ओळखखूण, नोंदवावी लागते. केवळ ‘माणूस आढळला, वेळ २.१४’ एवढा निष्कर्ष घेऊन न्यायालयात गेलेल्या संस्थेची उलटतपासणीत काय गत होईल, याची कल्पना यावरून करता येते. चिपने हा निष्कर्ष कशावरून काढला, हे सांगायला तेथे कोणी नसतो.

याच अधिनियमाच्या कलम ५७ च्या स्पष्टीकरणांत एक तरतूद आहे, तिच्याकडे विक्रेत्यांचेही फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. एखादे व्हिडिओ चित्रण साठविले जात असतानाच दुसरीकडेही पाठविले जात असेल, तर अशी साठविलेली प्रत्येक प्रत प्राथमिक पुरावा मानली जाते. म्हणजे कॅमेऱ्यातील कार्डावर आणि आवारातील रेकॉर्डरवर एकाच वेळी नोंद होत असेल, तर दोन्हींना मूळ पुराव्याचा दर्जा मिळू शकतो. एज की आवार, या वादात दोन्ही ठेवण्याला कायद्यानेच असे बळ दिले आहे.

आणि चित्रण केवळ आरोपीला अडकवते असेही नाही. वाराणसीच्या एका हॉटेलातील मृत्यूच्या प्रकरणात जन्मठेप झालेल्या दोन इटालियन नागरिकांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये निर्दोष सोडले. हॉटेलात कॅमेरे होते, तरी सर्वोत्तम ठरणारे ते चित्रण सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणले नाही, ही त्यामागील एक महत्त्वाची बाब होती. सोसायटीच्या सुरक्षारक्षकावर किंवा घरकाम करणाऱ्या बाईवर चोरीचा आळ आला, तर तिच्या बचावाचे एकमेव साधनही बहुधा तेच चित्रण असते.

तळघरातला सर्व्हर

आवारातील सर्व्हर म्हणजे मात्र रामबाण नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील तळमजले व तळघरे पाण्याखाली गेली. तरीही जागेच्या टंचाईपायी रेकॉर्डर ठेवले जातात ते तळघरातील मीटर खोलीशेजारी किंवा सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये, चहाच्या किटलीच्या शेजारी. चोराने केबिनमधला डबाच उचलून नेला की प्रश्न मिटला. पोलीस तपासासाठी रेकॉर्डर ताब्यात घेतात तेव्हाही, दुसरी सोय केलेली नसेल तर, उरलेली इमारत आंधळी होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व उपनगरांचा वीजपुरवठा कोलमडला, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी बॅटरीचा आधार नसलेला सर्व्हर आणि केबलवरूनच वीज घेणारा एज कॅमेरा दोघेही सारखेच निरुपयोगी ठरतात.

सुरक्षिततेची बाब त्याहून गंभीर आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवर झालेल्या सायबर हल्ल्याने अनेक बडी संकेतस्थळे तासन्‌तास ठप्प झाली. ‘मिराई’ नावाच्या त्या घातक प्रणालीने वापरलेले सैन्य होते साधे इंटरनेट कॅमेरे आणि डीव्हीआर, ज्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी कधी बदललेच नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांची चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीस आले, तेव्हाही कमकुवत पासवर्डचा मुद्दा पुढे आला. या प्रकरणातील काही अटका महाराष्ट्रातून झाल्या. एज पद्धतीत प्रत्येक कॅमेरा हा स्वतंत्र छोटा संगणकच असतो. सोळा कॅमेरे म्हणजे सोळा संगणक; प्रत्येकाची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावयाची, प्रत्येकाचा पासवर्ड सांभाळावयाचा. आवारातील सर्व्हर एकच असल्याने त्याचे दार राखणे तुलनेने सोपे. पण ते एकच दार फुटले तर सारेच उघडे पडते.

रेल्वेने यातून काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. रेलटेलने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात देशातील ७५६ स्थानकांचा समावेश होता. चित्रण स्थानकावरील रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत, विभागीय आणि क्षेत्रीय नियंत्रण कक्षांत अशा तीन पातळ्यांवर पाहिले जावे आणि ३० दिवस जपले जावे, अशी ती रचना. स्थानकावरचे स्थानकावर दिसते आणि वरूनही नजर राहते. पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात याहून कितीतरी कडक अट घातली. चित्रण १८ महिने आणि कोणत्याही परिस्थितीत किमान एक वर्ष जपलेच पाहिजे. सेकंदाला २ मेगाबिटच्या मध्यम प्रतीच्या चित्रणासाठीही १८ महिन्यांना एका कॅमेऱ्यामागे सुमारे १२ टेराबाइट जागा लागते. कॅमेऱ्यातील कार्डाच्या ती आवाक्याबाहेरची आहे. कोठडीतील मारहाणीसारख्या प्रकरणात ‘संशयास्पद काही आढळले नाही म्हणून रेकॉर्डिंग झाले नाही’ हे उत्तर तर ऐकूनही घेता येणार नाही. या आदेशाच्या अंमलबजावणीची अवस्था अशी की, सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलीस ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

उपनगरांतील सर्वसाधारण सोसायटीचा हिशेब इतका अवघड नाही. सोळा कॅमेरे, सेकंदाला २ मेगाबिट, ३० दिवस. एकूण जागा सुमारे १० टेराबाइट. दोन-तीन हार्ड डिस्कमध्ये हे मावते आणि ‘एच.२६५’ प्रकारची संकोचन पद्धत वापरली तर त्याहून कमीत. एवढ्यासाठी महागडा विश्लेषक सर्व्हर आणि त्याच्यासाठी वातानुकूलित खोली घेण्याची गरज नाही. रात्री कुंपणावरून कोणी चढले तर रक्षकाला सावध करण्याचे काम चार-पाच मोक्याच्या कॅमेऱ्यांतील चिपने करावे. अखंड चित्रण मात्र पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर, कुलूपबंद जागी, बॅटरीच्या आधारावर ठेवलेल्या रेकॉर्डरवर जात राहावे. शेकडो कॅमेरे एकाच छताखाली असलेल्या अंधेरीतील व्यापारी संकुलाला वा रुग्णालयाला आवारातील विश्लेषक सर्व्हर परवडतो आणि शोभतोही, कारण तेथे मागाहून विचारण्याचे प्रश्न रोजचे असतात आणि उत्तरे शोधणारा माणूसही नेमलेला असतो. केवळ एजवर विसंबून मूळ चित्रण न ठेवण्याचा सल्ला गर्दी मोजणे, वाहने मोजणे यांसारख्या कामांपुरताच योग्य म्हणावा लागेल.

वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. चेहरा ओळखणारी यंत्रणा बसविणाऱ्या संस्थेने, ती चिप कॅमेऱ्यात असो वा सर्व्हरमध्ये, रहिवाशांच्या आणि घरकामासाठी येणाऱ्यांच्या चेहऱ्यांची यादी कोणाच्या ताब्यात राहील आणि किती दिवसांनी पुसली जाईल, हे त्याआधी लेखी ठरविलेले बरे. देखभालीच्या वार्षिक करारात आज बहुधा कॅमेरे पुसण्याचे आणि केबल तपासण्याचेच कलम असते. मुख्य पासवर्ड कंत्राटदाराकडे राहील की सेक्रेटरीकडे आणि पोलिसांनी चित्रण मागितले तर कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर सही कोण करील, या दोन ओळी त्यात घालायला कंत्राटदार नकार देत असेल, तर दुसरे दरपत्रक मागवावे.